मिस्त्रीचा पहिला गिअर बरोबर होता

मी भूगोलाचा मास्तर. नोकरीभर मुलांना सांगत आलो की ध्रुवतारा ओळखायला सोपा, तो जागचा हलत नाही. म्हातारपणी त्याच वाक्यानं मला तोंडावर पाडलं, पण मार बसला मिस्त्रीला. ते एकदा सरळ लिहून टाकतो.

मिस्त्री म्हणजे शिवाजी पेठेतला माझा शेजारी. उभी हयात लेथवर गेलेली. निवृत्तीनंतरही उचगावच्या शेडमध्ये एक लेथ ठेवून लोकांची कामं करायचा. मला मुलानं त्याचा जुना कॅमेरा दिला आणि आकाशगंगेचा फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं. त्यासाठी शटर दोन-तीन मिनिटं उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून कॅमेऱ्याखाली स्टार ट्रॅकर लागतो, म्हणजे आकाशाच्या चालीनं कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र. त्याचा आस ध्रुवावर रोखला की झालं.

मोबाइलवर चित्र बघून मिस्त्री म्हणाला, "ह्यात काय हाय? एक मोटर, एक गिअर. इकत कशाला आणतोस? मी करतो की."

आणि केला. पितळी गिअर, दात असे की बोट फिरवत बसावं.

अमावास्येला मिस्त्री लेथ पुसून नारळ फोडायचा, त्या दिवशी मशीन बंद. मलाही बिनचंद्राची रात्र हवी. त्यामुळं आमचं छान जमलं. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्याच्या मेहुण्याचं रान आहे. ऊस तुटून गेलेल्या वावरात आम्ही तिपाई मांडली. आपल्याकडं ध्रुव फार वर नसतो. मी उत्तरेला बघितलं, तर कड्याच्या जरा वर एक पांढरा ठिपका. ट्रॅकरला नेम धरायला बसवलेल्या नळीतून पंधरा मिनिटं बघितला. हलला नाही. लावला नेम.

फोटोत शेवया आल्या.

"मिस्त्री, गिअरमध्ये फरक हाय."

"माझ्या? अरे मर्दा, केसाचा फरक पडला न्हाय कधी ह्या हातानं."

पुढच्या अमावास्येला नवा गिअर, पुन्हा शेवया. मी तालमीच्या कट्ट्यावर सगळ्यांत बोललो, "मिस्त्रीचा हात आता पहिल्यासारखा न्हाय राहिला." सगळे हसले, तोही हसला. मग तिसरा गिअर करायला आठ दिवस शेडमधून बाहेर आला नाही.

तिसऱ्या वेळी मिस्त्री गाडीशी पाठमोरा उभा राहून थर्मासमधला चहा ओतत होता. मी नेम लावत होतो. एवढ्यात पन्हाळ्यावरची लाईट गेली आणि माझा ध्रुवतारा विझला.

कड्यावरच्या कुठल्याशा लॉजचा दिवा होता तो! मोतीबिंदूच्या डोळ्याला दिवा काय, तारा काय. न हलण्यात तर दोघं सारखेच. मी गुपचूप सप्तर्षीतल्या दोन ताऱ्यांची रेघ धरून खरा ध्रुव शोधला. बराच उजवीकडं निघाला. फोटो घेतला, तर तारे मोहरीसारखे गोल.

मिस्त्री चहा घेऊन आला. "आलं की रे! काय केलंस?"

भूगोलाच्या मास्तरानं दिवा धरला, हे तोंडातून निघेना. म्हणालो, "तुझा गिअर लागला बघ बरोबर."

मला वाटलं, खूश होईल. तो चहाचा घोट घेऊन म्हणाला, "म्हंजे पहिले दोन माझेच चुकलेले."

फोटो तालमीत लागला, माझं कौतुक झालं. महिन्याभरात मिस्त्रीनं कामं घेणं बंद केलं. कोणी आलं की म्हणायचा, "हात गेला माझा, पावणं. दुसरीकडं बघा." हे मी दोन वर्षं ऐकलं, आणि दर वेळी चप्पल घालून तिथून उठलो.

शेवटी मागच्या महिन्यात शेडवर गेलो. लेथवर गोणपाट टाकलेलं. सगळं सांगितलं.

"दिवा?" मिस्त्री म्हणाला.

"दिवा."

"लॉजचा?"

"व्हय."

"आन् पोरांस्नी भूगोल शिकवलास तू!" पुढं अशी शिवी हासडली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग आवाज उतरला. "मला एकट्याला सांगून काय उपेग? बोललास कट्ट्यावर. आता सांगायचं पण तिथंच."

त्याआधी त्यानं पहिला गिअर काढून माझ्या हातात दिला. त्याच रानात तो लावला, नेम खऱ्या ध्रुवावर. मिस्त्रीनं फोटो मोठा करून चारी कोपरे तपासले. एकाही ताऱ्याला शेपूट नव्हतं. मग तो गिअर पुसत बसला.

रविवारी कट्ट्यावर उभं राहून सांगितलं. आता मला सगळे लॉजमास्तर म्हणतात, आणि म्हणोत. त्या हशातच एक शेतकरी मिस्त्रीजवळ सरकला. "मग माझ्या पंपाचा शाफ्ट करणार का, मिस्त्री?"

मिस्त्रीनं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले.

"सकाळी घिऊन ये शेडवर," तो म्हणाला. "आन् लवकर ये."