पुढं येणाऱ्याला वाट

देवाच्या नावानं इतका आवाज करता येतो, हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. जालन्यात राहणाऱ्याला आवाजाचं काही वाटत नाही. वरातीच्या डीजेनं काचा थरथरायला लागल्या की आम्ही खिडकी लावून घेतो आणि पोळ्या लाटत बसतो. पण हे वेगळंच होतं. चर्चच्या मैदानात लोखंडी मंच उभारला होता आणि त्यावर काळे टीशर्ट घातलेली तीन पोरं गिटारी घेऊन अंगात आल्यासारखी वाजवत होती. गाणारा येशूचं नाव असं घेत होता की त्याचा गळा कुणीतरी धरलाय असं वाटावं. साउंड वरातींना जातो त्याच डीजेवाल्याचा होता, आणि त्या माणसाला आवाज कमी करायचा असतो हे कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं.

माझ्यासोबत आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमधली मैत्रीण होती. तिच्या घरी उर्दू बोलतात. ओढणी कानांवर घट्ट धरून ती माझ्या कानात ओरडली, "अगं, हे दुआ करून राह्यले का मारामारी?"

"दोन्ही!" मी ओरडले.

आम्ही आलो होतो ते आमच्या तिसऱ्या मैत्रिणीसाठी. ती या सगळ्यांच्या मागे ड्रमवर बसली होती. मी आणि ती एकाच वॉर्डात नर्स. चर्चच्या महिला मंडळात ढोलकी वाजवता वाजवता ती ड्रमवर गेली आणि या पोरांनी तिला उचलली. मध्ये लग्न झालं, अंबडकडं दिली. वर्षभरानं ती आमच्याच वॉर्डात आली, ड्युटीवर नाही, मोडलेलं मनगट घेऊन. मोरीत घसरले, म्हणाली. डॉक्टर प्लास्टर घालत होते तेव्हा तिचा हात मीच धरला होता. मोरीत घसरलेल्या बाईच्या दंडावर बोटांचे वळ उमटत नाहीत, पण मी काही बोलले नाही, कारण तिला ते बोललेलं नको होतं.

तेव्हापासून ती आईकडंच होती. नवरा दर आठवड्याला येऊन हात जोडायचा, मावशीसमोर रडायचा. आणि मावशी विरघळायची. मावशी म्हणजे तिची आई, पांढऱ्या साडीतली, चर्चमध्ये कायम पहिल्या रांगेत बसणारी. देवासमोर लागलेलं लग्न मोडत नसतं, हे तिचं ठाम मत. शेवटी ठरलं असं, की पोरीनं हा एक कार्यक्रम वाजवायचा आणि सोमवारी नवऱ्यासोबत गुमान नांदायला जायचं. बॅग भरून दाराशी ठेवलेली मी स्वतः पाहिली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मावशी, हाडं लाकडाची हायेत का तिची?" मी विचारलं.

"तुला न्हाई कळायचं, पोरी. माणूस बदलतो."

मंचावर ती ड्रमवर तुटून पडली होती. एक काडी मोडली, तिनं न बघता फेकून दुसरी उचलली. समोर पोरं एकमेकांना खांदे मारत उड्या मारत होती, एकाचं नाक फुटलं तरी तो हसत होता. कानात कापूस घातलेल्या म्हाताऱ्या खुर्चीवर बसून चपलेनं ताल धरत होत्या. ती कुणाला मारत होती हे त्या मैदानात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मला ते बघून फार बरं वाटत होतं, आणि मधेच दाराशी भरून ठेवलेली ती बॅग आठवत होती.

मग पाहुणे पाळक, म्हणजे धर्मगुरू, मंचावर आले. अशा सभांत एक रीत असते, ती मला ड्रमवालीनंच सांगितली होती. वाद्यं चालूच राहतात आणि पाळक हाक देतात, ज्याचं मन जड झालंय त्यानं पुढं यावं. जो रडत पुढं येईल त्याला कुणी अडवायचं नाही. संध्याकाळभर दोर धरून पोरांना मागं रेटणाऱ्या स्वयंसेवकांनी दोर खाली टाकला. लोक बाजूला सरून वाट करून द्यायला लागले, जाणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला लागले.

त्या वाटेनं तो आला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, तोंड आसवांनी भिजलेलं. लॅबवालीनं माझा हात आवळला. "तो बघ. तोच है ना? तिचा नवरा?"

"अडवा त्याला!" मी जीव तोडून ओरडले. गिटारींत माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. शेजारच्या बाईनं दोन्ही हात वर करून "आमेन" म्हटलं. एक स्वयंसेवक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रडा ताई, मोकळ्या व्हा." त्याचा हात झटकून मी पुढं घुसले, पण मला कोण वाट देणार? मी रडत नव्हते.

मी पोचेपर्यंत तो मंचावर गुडघे टेकून पाळकांच्या कानात काहीतरी सांगत होता. पाळकांचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर करून वाद्यं थांबवली. या भावानं आपल्या पत्नीला दुखवलंय, ते म्हणाले, आज तो क्षमा मागायला आलाय, आणि ती बहीण इथंच बसली आहे. मैदानानं टाळ्यांचा कडकडाट केला. पाळक माइक घेऊन ड्रमपाशी गेले. "एवढंच म्हण बाई, क्षमा केली."

पहिल्या रांगेत मावशी उठून उभी राहिली. तिचे हात जोडलेले होते, ओठ हलत होते. म्हण. म्हण.

तिनं काड्या मांडीवर ठेवल्या. मग म्हणाली, "क्षमा केली." टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबायची तिनं वाट पाहिली. "पण मी येणार न्हाई."

तो उठला. आसवं तशीच होती, त्यांच्यासकट तो तिच्या अंगावर गेला. झांजेला लाथ घातली, तिची वेणी धरली आणि डोकं खाली ड्रमवर आपटलं. ड्रमला माइक लावलेला होता. तो आवाज मैदानभर घुमला, चर्चच्या भिंतीवर आपटून परत आला. दुसऱ्यांदाही. लोक उभे होते, हात टाळीसाठी वर धरलेले होते.

मी मंचावर कशी चढले ते मला सांगता येणार नाही. त्याच्या हाताला मी कडकडून चावले, तोंडात खारट चव आली. लॅबवालीनं त्याचे केस धरून मान मागं ओढली. गिटारवाल्यानं गिटार खाली ठेवायचीही तसदी घेतली नाही, गिटारीनंच त्याला हाणलं. मग दोरवाले स्वयंसेवक आले आणि त्याला खाली खेचून तुडवायला लागले. पाळक माइकवर "मारू नका, मारू नका" म्हणत होते. त्याच्या बरगडीवर बूट बसत होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? पोलीस घेऊन गेले तेव्हा तो परत रडत होता.

तिची भुवई फुटली होती. लॅबवालीची ओढणी तिच्यावर दाबून मी बसले. ड्रमच्या कातड्यावर रक्त सांडलं होतं. मावशी पायऱ्या चढून वर आली तेव्हा माझ्या जिभेवर शिव्याच होत्या. आता हिनं माणूस बदलतो असं म्हणावंच, मग मी हिला दाखवते.

"घरी न्या मुलीला," पाळक मावशीला म्हणाले. "कार्यक्रम आटोपता घेऊ."

मावशीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. घरंगळलेली काडी तिनं वाकून उचलली, पांढऱ्या पदराला पुसली आणि पोरीच्या हातात दिली.

"वाजव," ती म्हणाली.

"मावशी, टाके घालावे लागतील," मी म्हणाले.

"गाणं झाल्यावर घाल."

ते गाणं सगळ्यात मोठ्यानं झालं. लॅबवालीनं कानावर काहीच घेतलं नव्हतं, तिची ओढणी ड्रमवालीच्या डोक्याला बांधलेली होती. शेवटी पाळकांनी रीतीप्रमाणं पुन्हा हाक दिली आणि काही माणसं रडत पुढं आली. मावशी मंचाच्या पायरीवर दोन्ही हात आडवे धरून उभी होती. तिनं एकालाही वर येऊ दिलं नाही.