काकांच्या घड्याळाला चावी

नाशिकहून निघताना बायकोला म्हणालो, "नुसतं बघून येतो." घड्याळवेड्या माणसाच्या या वाक्यावर आमच्या घरात आता कुणी विश्वास ठेवत नाही. बदलापूरचे दिवाकरकाका आपलं जुनं स्विस घड्याळ विकणार होते, रोज हाताने चावी द्यावी लागते तसलं. फोनवरच्या आमच्या घड्याळप्रेमींच्या गटात त्याचे फोटो बघून मी झुरत होतो आणि काकांनी पहिला मान मलाच दिला होता.

कल्याणला उतरून रिक्षाने उल्हासनगर गाठलं. नवं घड्याळ नव्या पट्ट्यावर न्यायची हौस. तिथल्या कॅम्प एक या वस्तीतल्या पट्टेवाल्या दुकानदाराने माझ्या मनगटाकडे पाहून कौतुकाने मान हलवली. "साईं, कॉपी एक नंबर है," तो सिंधी आदबीने म्हणाला. "कुठून उचलली?" घड्याळ खरं आहे म्हटल्यावर तो हसला, सगळे असंच सांगतात म्हणे. अब्रू गेली, पण पट्टा झकास मिळाला. शेजारच्या गाडीवर दालपकवान (कुरकुरीत पुरी आणि चण्याची डाळ) चापलं.

अंबरनाथला शंकराच्या दगडी देवळापाशी थांबलो. तिथलं कोरीवकाम बघताना मला घड्याळाच्या आतली नक्षी आठवली, म्हणजे आजार बराच पुढे गेलाय. मग कारखान्यांचा वास, चिखलोलीच्या नव्या इमारती आणि बदलापूर.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. शालूकाकूंनी अळूवड्या पुढे केल्या आणि आमचा वाद रंगला: जुन्या घड्याळाला पॉलिश करणं पाप की पुण्य? पाप, यावर एकमत झालं. मग मी म्हणालो, काका, चालवून दाखवा की.

काकांनी चावी चिमटीत धरली. बोटं थरथरली, चावी निसटली. पुन्हा निसटली.

"हल्ली बोटं ऐकत नाहीत," ते म्हणाले. "घरात बंद पडून राहण्यापेक्षा तुझ्या हातावर चालू दे."

दुसऱ्याच्या घड्याळाला हात लावायचा नाही, हा आमच्या जमातीचा कडक नियम. मी हात मांडीवर ठेवून बसलो. काकूंनी तो नियम लग्नापासून पाळला होता.

"मी देऊ का?" त्या म्हणाल्या.

"नाजूक काम आहे ते."

"सुईत दोरा कोण ओवतं या घरात? तुम्ही मला कधी चावी दे म्हणालाच नाहीत."

काका हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. मी नुसता गप्प बसलो असतो, तरी घड्याळ माझं झालं असतं. पण काकांचा चेहरा बघवेना. "काकू," मी म्हणालो, "अंगठ्याने हळू फिरवा. अडलं की थांबा."

त्यांनी पदराला हात पुसले आणि चावी फिरवली. काकांनी घड्याळ कानाला लावलं. डोळे मिटून ऐकत राहिले. माझ्याकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही, आणि हे घड्याळ आता विकलं जाणार नाही, हे मला कळलं.

परतीच्या वाटेवर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकं सुंदर घड्याळ हातातोंडाशी येऊन गेलं. आम्ही जमवणारे आतल्या चाकांवर तासन्‌तास बोलतो. घरातलं माणूस मात्र काचेच्या पलीकडे उभं ठेवतो.

घरी बायकोने विचारलं, "मिळालं?"

"नाही," म्हणत मी मनगटावरचं घड्याळ उतरवून तिच्यासमोर धरलं. तिने हात मागे घेतला.

"नको बाई. काही झालं तर?"

"होऊ दे," मी म्हणालो.