बाहुलीचं कुंकू

गौरी-गणपतीच्या आधी गावातल्या बायकांची ब्लाउजं शिवायची आणि सण उरकला की लोकांनी टाकलेली सजावट गोळा करत हिंडायचं, असं माझं वर्ष जातं. ब्लाउजं पोटासाठी, सजावट बाहुलीसाठी. पन्नाशी उलटलेली बाई बाहुली खेळते म्हणून गावानं सुरुवातीला हसून घेतलं. आता हसून हसून गावालाही कंटाळा आलाय.

बाहुली माझ्या लेकीची. तिचे वडील फौजेत होते, त्यांनी कॅन्टीनमधून आणलेली. एक वीत आणि चार बोटं उंच, लांबलचक पाय, मूठभरही नाही अशी कंबर आणि अंगावर परदेशी झगा. लेक पुण्याला नोकरीला गेली, बाहुली ट्रंकेत राहिली. हे सुट्टीवर आले असतानाच तापानं गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एकदा ट्रंक आवरताना बाहुली हाताला लागली. शिवणातला खणाचा तुकडा उरला होता, त्याचं तिला लुगडं नेसवलं. लुगडं नेसलेली बाई उभी किती वेळ ठेवायची, म्हणून बसायला पाट केला. पाट झाला म्हटल्यावर खोली लागली, खोलीला दार आणि दाराला तोरण. हे असं वाढत गेलं.

तेव्हापासून बाजारात गेले की मला वस्तू दिसत नाहीत, माप दिसतं. रक्षाबंधन झालं की पोरं राख्या उकिरड्यावर टाकतात. त्यातली खड्यांची गोल राखी बाहुलीच्या भिंतीवर घड्याळ म्हणून बसते आणि राखीमागचा स्पंज तिच्या उशीत जातो. गाडीत लावायची छोटी गुढी मिळते ना, ती तिच्या दारात पुरी उंचीची गुढी होते. तिला मी खरी साखरेची माळ घातली होती. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी गुढी, खोली आणि बाहुली तिन्ही ताब्यात घेतली. नाताळ झाल्यावर मिरजेच्या बाजारात सोनेरी काचेचे गोळे निम्म्या भावात मिळतात. वरचं टोपण अलगद काढलं की खाली छान तोंड राहतं आणि घागर तयार होते. तीन फुटले तेव्हा एक नीट निघाला. मंडळाच्या शेडमागं मखराचे थर्माकोलचे खांब पडलेले असतात. त्यांना मी पहिल्यांदा स्प्रेचा रंग मारला आणि डोळ्यांदेखत खांब विरघळून गेला. तेव्हापासून कानाला खडा, साधा पोस्टर कलरच लावायचा. झोपाळ्याच्या कड्यांसाठी नागपंचमीला शिराळ्याची सगळी जत्रा पालथी घातली आणि शेवटी माझ्याच शिलाईच्या डब्यात तुटक्या मंगळसूत्राची साखळी निघाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. साखळी माझीच होती. तोडली कुणी ते सांगायला नको.

माझा हा देखावा दरवर्षी घरच्या गौरीपुढं मांडला जातो. जाऊबाईंना त्याचा फार अभिमान. गावात सांगत सुटतात, आमच्या आक्कांनी केलंय म्हणून. बायका मुद्दाम बघायला येतात, मोबाइलवर फोटो काढतात. आणि मी त्या वेळी आत असते. आत्या आणि मी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मामंजींना जाऊनही वीस वर्षं झाली. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात दूध आटवायचं, करंज्यांच्या ताटल्या भरायच्या आणि दाराआडून जाऊबाईंच्या हातात द्यायच्या. आम्हाला कुणी आत बसा म्हणून सांगितलेलं नाही. कुणी बाहेर या असंही सांगितलेलं नाही. बाहेर बायका म्हणतात, "लय झ्याक केलंय गं," आणि मी ताटल्या मोजत असते. काय काय झ्याक झालंय ते मला दुसऱ्या दिवशी फोटोत कळतं.

यंदा मात्र जाऊबाईच म्हणाल्या, "आक्का, ह्या वर्साला तुमी बाहीर बसायचं. लोकं इचारत्यात झोपाळा कसा केला, मला काय सांगाया येतंय? आन आता कोण मानतंय हे असलं."

मी लगेच व्हय म्हटलं नाही. रात्रभर विचार केला, असं लिहिलं तर शोभेल, पण पाठ टेकताच मला झोप लागली. सण जवळ आला की मशिनवर पाठीचा कणा मोडतो. सकाळी उठले ती ठरवूनच उठले. कपाटातली मोरपिशी साडी काढली. एवढी वर्षं मी करते, तर एकदा मला ते लोकांसोबत बघायचं होतं. आणि खोटं कशाला बोला, त्या रांगेत बसायचं होतं. ताटातलं कुंकू माझ्यापाशी येऊन थांबतं का ते बघायचं होतं.

आत्यांनी साडी बघितली. दुधाखाली जाळ कमी केला एवढंच.

देखावा यंदा माहेरवाशिणीचा केला होता. बाहुली झोपाळ्यावर बसलेली, पायाशी चकचकीत खोक्याची बॅग, शेजारी सोनेरी घागर, डोक्यावर दिवाळीतला बोटभर आकाशकंदील. मी त्याच्या शेजारी, रांगेच्या अगदी टोकाला बसले. बायका आल्या. निम्म्याअधिक जणींच्या अंगात मीच शिवलेली ब्लाउजं, त्यामुळं कुणाची बाही कुठं ओढतेय तेही मला बसल्या जागी दिसत होतं. झोपाळा कसा केला ते मी सांगितलं. दोघीतिघींनी परत परत विचारलं. मला बरं वाटलं. बऱ्याच वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग जाऊबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उठल्या. आधी गौरीला, मग थोरल्या घरातल्या चुलत सासूबाईंना, मग रांगेनं एकेकीला. माझ्याअलीकडच्या बाईला लावलं आणि माझ्यासमोर आल्या. बोटावर कुंकू घेतलेलं होतं, हात निम्म्यापर्यंत आलाही होता. त्यांनी एकदा चुलत सासूबाईंकडं बघितलं. त्या नुसत्या बघत होत्या.

तो हात कुठं न्यावा ते जाऊबाईंना कळेना. परत ताटात नेणं बरं दिसलं नसतं. त्यांनी तो माझ्या खांद्यावरून पुढं नेला आणि कुंकू बाहुलीच्या कपाळाला टेकवलं.

"हिचं ऱ्हायलं की," त्या म्हणाल्या. "माहेराला आलीया बिचारी."

सगळ्या हसल्या. मोठ्यानं आणि जरा जास्तच वेळ हसल्या. मीही हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग मी ताटल्या आणते म्हणून उठले आणि पुन्हा बाहेर गेले नाही. आत्यांनी करंज्यांची परात माझ्याकडं सरकवली.

मला रडू आलं नाही. मला राग आला. जाऊबाईंचा नाही, त्या रात्रभर माझी नजर चुकवून भांडी घासत होत्या, तेवढ्यावरून कळलं मला. चुलत सासूबाईंचाही फारसा नाही. राग आला तो त्या बाहुलीचा. एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्याला कुंकू मिळालं. मी घर दिलं, घागर दिली, लुगडं नेसवलं, आणि ही माझ्यापुढं सवाशीण होऊन बसली. वेडेपणा आहे, मान्य. पण आला तो राग असा आला.

गौरी गेल्यावर मी तिचं कपाळ पुसायला घेतलं. कुंकू गेलं, डाग राहिला. हल्लीचं कुंकू म्हणजे नुसता रंग, आणि बाहुलीचं तोंड रबरासारखं मऊ, त्यात तो पार मुरला. खोबरेल लावलं, दही लावलं, लिंबू चोळलं. नखांचा रंग काढायचं पाणी लावावं तर भुवया पुसल्या जायच्या. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "मुरमांचं मलम लाव आणि उन्हात ठेव. डाग उडतो." कशाचा डाग ते मी तिला सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

मग रोज सकाळी मलम लावायचं, बाहुली गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची, संध्याकाळी पुसायची आणि बघायचं. लाल होतं ते गुलाबी झालं आणि गुलाबीवर अडून बसलं. शिलाईचं काम पडून राहिलं. मंडळांची सजावट गोळा करायचे दिवस आले होते, त्यातही मन लागेना. नुसती दमून गेले होते.

आठव्या की नवव्या दिवशी आत्या गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर आल्या. एरवी त्या गच्चीवर येत नाहीत. माझ्या शेजारी कठड्याला टेकल्या, दम खाल्ला, बाहुली हातात घेतली आणि तिच्या कपाळावरून अंगठा फिरवून बघितला.

"आजून हाय की गं," त्या म्हणाल्या.

"व्हय आत्या. लय घासलं. जातच न्हाई."



"हिचं बघ की, आठ दिस झालं तरी निघंना," त्या म्हणाल्या. "आपलं बायकांनी एका दमात पुसलं."

मी मलमाचं झाकण लावलं.