धुळाच्या लोकरीच्या गाठी

धुळाविषयी चांगलं लिहायचं म्हटलं की अजूनही माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याचं कौतुक केलंच तर ते खरं आहे असं खुशाल समजा.

१९९६ साली कुंडलच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन होतो. सोळा वर्षं नोकरी, पांढरा कोट, स्वतःचं टेबल. धुळा आमच्याकडं रोजंदारीवर डास पकडायला होता. आटपाडीकडच्या धनगराचा, तिशीचा गडी, शिक्षण सातवी. गोठ्यात, रांजणाशी उकिडवा बसून काचेची नळी तोंडात धरायचा आणि भिंतीवरचा डास अलगद आत ओढायचा. डासाचा पायसुद्धा मोडायचा नाही. मला ते जमत नसे, आणि जमत नाही म्हणून मी त्याला हलकं काम म्हणायचो.

त्या साली जवळच्या एका वाडीत ताप आला. अर्जुना नावाचा गवंडी दूर दक्षिणेला एका बेटावर धक्का बांधायच्या कामाला होता. भावाच्या लग्नाला तो वाडीतल्याच एका सोबत्याबरोबर घरी आला आणि आल्या आल्या आजारी पडला. तीन आठवड्यांत वाडीतली एकोणीस माणसं अंथरुणाला खिळली. अर्जुनानंच रोग आणला म्हणून लोकांनी त्याच्या घरचं पाणी पिणं सोडलं.

मग पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेतून डॉक्टर आम्रपालीबाई आल्या. मूळच्या मिरजेकडच्या, त्यामुळं उगाच शिष्टपणा नाही. हा डेंग्यू आहे आणि अर्जुनाच्या बेटावरही त्याचीच साथ चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. प्रश्न एवढाच होता की वाडीतला ताप त्या बेटावरचाच, की आपल्याकडचाच कुठला.

"विषाणू स्वतःची नक्कल काढतो तेव्हा थोड्या चुका करतो," बाई म्हणाल्या. "त्या चुका पुढच्या पिढीत तशाच उतरतात. दोन्हीकडच्या चुका जुळल्या, तर नातं आहे."

मी गंभीरपणे मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. धुळा दाराशी उभा होता.

"म्हंजी कपाळावरचा टिक्का, मॅडम," तो म्हणाला. "मेंढीच्या कपाळाला पांढरा टिक्का आसला की तिच्या पिलाला येतो, मग त्येच्या पिलाला. कळपात मेंढरं मिसळली तरी कुनाची लेक कंची, ते आमी टिक्क्यावरनं सांगतो."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "हेच सांगायला मला वर्गात तास लागतो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बाई पुढच्या महिन्यात त्या बेटावर रक्ताचे नमुने गोळा करायला जाणार होत्या. आमच्या केंद्रातलं एक माणूस बरोबर न्यायचं होतं. ते मीच असणार याबद्दल मला शंका नव्हती. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी समुद्र पाहिला नव्हता. बायकोला सांगून झालं होतं, शेजाऱ्यांना सांगून झालं होतं, केस कापणाऱ्यालाही सांगून झालं होतं.

पण वाडीतल्या एकोणीस आजाऱ्यांच्या रक्ताच्या नळ्यांना धुळानं लोकरीचे धागे बांधले होते. एका घराला एक रंग. घरात जो पहिला पडला त्याच्या धाग्याला एक गाठ, दुसऱ्याला दोन. कळप पावसात भिजला की अंगावरची रंगाची खूण धुऊन जाते, म्हणून त्याच्याकडं आईच्या आणि पिलाच्या गळ्यात एकाच रंगाचा धागा बांधत. त्याच नळ्यांवर मी सुबक अक्षरात शाईनं नावं लिहिली होती, पण ती कोण बघतो! बाईंनी धागे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "धुळा, बेटावर तूच चल."

चार दिवसांनी त्याची आई पारूबाई आटपाडीहून आली. काखेत नवं काळं घोंगडं होतं. "समिंद्राचं वारं लय आसतं म्हनं," ती मलाच सांगत होती. मी हसून चहा पाजला. आतून जळत होतो, अगदी धूर निघेल इतका.

बुधवारी नळ्या पुण्याला जायच्या होत्या. धुळा बर्फ आणायला कुपवाडला गेला होता. मी एकटाच होतो, आणि माझ्या टेबलावर कातर होती. सरकारी नमुन्याला जत्रेतले दोरे शोभत नाहीत, असं मी स्वतःला बजावलं आणि एकोणीसच्या एकोणीस धागे कापले. धागे बंबात घातले, नळ्या डब्यात भरून झाकण चिकटपट्टीनं बंद केलं. पुण्यात साध्या नळ्या पाहून बाई त्याचं कौतुक विसरतील, एवढंच माझ्या मनात होतं. धुळा आला, डबा बर्फात बसवला आणि कराडहून गाडीत बसला.

गाडी वाटेत चार तास खोळंबली. बर्फाचं पाणी झालं, ते डब्यात शिरलं आणि माझी सुबक अक्षरं वाहून गेली. पुण्यात डबा उघडला तेव्हा एकोणीस नळ्या सारख्याच दिसत होत्या.

बाईंचा केंद्रात फोन आला. "धागे त्यानंच काढले म्हणतो, घाईत. कबूल केलं त्यानं. आता नानासो, तुम्हीच या बेटावर."

मी रिसीव्हर घट्ट धरला. तोंडात खरं आलं होतं. बाहेर पडलं ते फक्त, "हो मॅडम."

निघायच्या दिवशी धुळा एसटी स्टँडवर आला. त्यानं घोंगडं माझ्या ट्रंकेवर ठेवलं. "आईनं घेतलंय, वाया कशाला घालवायचं? तितं वारं आसंल," म्हणाला आणि निघून गेला.

समुद्र पाहिला. मोठा आहे. दोन दिवस बघत बसलो आणि तिसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. तिथल्या दमट हवेत आणि बर्फात माझी शाई परत पसरायला लागली. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी खोलीत गेलो, घोंगड्याच्या काठातून धागे उसवले आणि नळ्यांना बांधले. रंग एकच होता, म्हणून एका टोकाला घराच्या गाठी मारल्या, दुसऱ्या टोकाला आजाऱ्याच्या.

"धुळा हवा होता," बाई एवढंच म्हणाल्या.

पुढं निकाल लागला. वाडीतला विषाणू बेटावरच्या विषाणूचंच पोर निघाला. पण तो अर्जुनाकडून पसरला की त्याच्याबरोबर बेटावरून आलेल्या सोबत्याकडून, हे ठरवता येईना; पुसलेल्या नळ्यांतली कुठली कुणाची तेच कळत नव्हतं. लोक अर्जुनाच्या घरचं पाणी पुढं वर्षभर प्याले नाहीत. तेही माझ्याच कातरीचं काम.

परत आल्यावर घोंगडं द्यायला गेलो. धुळानं काठावरून बोट फिरवलं.

"गाठी मारल्यासा व्हय?"

"मारल्या."

"बरं केलंसा." तो घोंगड्याची घडी घालत राहिला. "आवं नानासो, पुण्यात एका नळीला बारका तुकडा चिकटून ऱ्हायला हुता. धागा तुटला की टोकाला तंतू निघत्यात. ते टोक सरळ हुतं, कातरीचं. लोकर कातरत वाडलोय मी. केंद्रात कातर एकाच टेबलावर हाय."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"मला बी जायचं हुतं की. लय जायचं हुतं. पर माझं नाव लागल्यापासनं तुमच्या तोंडाकडं बघवत न्हवतं."

मग तो उंबऱ्यावर ऐसपैस बसला, मला शेजारी बसवलं आणि म्हणाला, "आता सांगा. समिंद्र कसा आसतो?"

मी तासभर सांगत बसलो. लाटा, बोटी, वाळू, सगळं. तो मध्येच हसायचा, मध्येच डोळे मिटायचा. समुद्र मी पाहून आलो होतो, आणि तरीही हेवा मला त्याचाच वाटत होता.