बाबांची उसण

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर काढले. यात माझं कर्तृत्व शून्य. पण पायाळू माणसाची लाथ पाठीला लागली की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मला सेक्रेटरीपेक्षा जास्त मान आहे. दिवसभर शाळेत विज्ञान शिकवायचं आणि घरी येऊन शेजाऱ्यांना लाथा घालायच्या. एक गृहस्थ तर शीळफाट्याहून रिक्षा करून यायचे. मी नको नको म्हणत पाय उचलायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मागच्या वर्षी माझ्या बाबांनाच उसण भरली. वय पंचाहत्तर. उजव्या बाजूला पाठीत कमरेशी दुखत होतं, उजवा पाय सरळ होत नव्हता. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता, उलटी नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी तुळशीची कुंडी हलवली होती, तेवढ्यावर आईनं निदान करून टाकलं. बाबा जन्मभर या प्रकाराला थोतांड म्हणत आलेले.

"अहो, अख्ख्या गावाला लाथा मारते, बापालाच काय वावडं?" आई म्हणाली.

बाबा मुकाट्यानं पालथे झाले. मी आधी त्यांच्या पाया पडले, मग डावा पाय तीनदा कमरेला लावला.

"कसं वाटतंय?"

"बरंच हलकं वाटतंय गं."

झालं, मी हवेत. बाबा पलंगावरच होते, अर्धीच पोळी खात होते, पण म्हटलं, वय झालं. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि ते असंबद्ध बोलायला लागले. तेव्हा कुठे आम्ही हॉस्पिटल गाठलं.

स्कॅन बघून सर्जन म्हणाले, "अपेंडिक्स आहे. फुटलंय. मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं, म्हणून पोटात न दुखता पाठीत दुखलं. या वयात ताप पण उशिरा येतो. मधे एकदम बरं वाटलेलं का? फुटल्यावर कधी कधी तसं होतं."

"हो ना!" आई कौतुकानं म्हणाली. "हिनं लाथ मारली आणि लगेच."

सर्जननी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे.

ऑपरेशन होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून होते. आपण आपल्या बापाला लाथेनं मारलं, एवढंच डोक्यात. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. विज्ञानाची पदवी घेऊन हे दिवे लावले होते.

बाबा वाचले. चौथ्या दिवशी नीट बोलायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरून रडले. म्हटलं, "बाबा, माझ्या लाथेनं फुटलं हो."

"छे गं. तेव्हा काही फुटलंबिटलं नाही. दुखत तसंच होतं की."

"मग हलकं वाटतंय असं का म्हणालात?"

"तू केवढ्या आशेनं बघत होतीस," ते म्हणाले. "तुझा हिरमोड कशाला करायचा?"

ते दोन दिवस त्यांनी उशीत तोंड खुपसून काढले होते. आणि मी खाली बाकड्यावर बसून शेजारणींना सांगत होते, आमच्या बाबांनासुद्धा गुण आला.