सगुणमाम आणि माझ्या गाडीचा आवाज

गाडी घेऊन कोणी आलं की सगुणमाम आधी बॉनेट उघडत नसत. मालकाला खाली उतरवत, त्याला गाडीच्या मागे वीस पावलांवर उभं करत आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून अॅक्सिलरेटर दाबत. मग खिडकीतून मान काढून विचारत, "काय आयकाक येता, सांग." मुळगावच्या त्यांच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही तसंच उभं केलं. गाडी माझी, तिला सायलेन्सरच्या जागी हौसेने बसवलेला जाड पाइपही माझाच, आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यांनी इंजिन बंद केलं. "बाय, तू रोज भितर बसतस. हो आवाज तू आज पयल्यांदा आयकलस."

आदल्या दिवशी हरमलला पोलिसांनी मला थांबवलं होतं. मागे यंत्र धरून आवाज मोजला आणि हातात नोटीस दिली. पाइप बदलून गाडी मूळ होती तशी करायची आणि सात दिवसांत पेडण्याला आरटीओच्या इन्स्पेक्टरला दाखवायची. तोवर आरसी बुक त्यांच्याकडे, आणि गाडी गॅरेज व आरटीओ सोडून कुठेही न्यायची नाही. घरी बाबांनी नोटीस वाचली आणि चष्मा काढत म्हणाले, "पास झाली तर ठेव. नाय तर इकून टाक." बाबा एकदा बोलले की बोलले. तुयेच्या कारखान्यात तीन वर्षं काम करून घेतलेली गाडी ती. मूळ सायलेन्सर मी कधीच भंगारात देऊन टाकला होता. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुळगावच्या एका मुलीने सगुणमामांचं नाव सांगितलं.

दोडामार्गाकडून ते तरुणपणी इकडे आले आणि खाणीवरच्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये राहिले. खाणी बंद पडल्यावर घरामागे पत्रे घालून गॅरेज काढलं. बुटके, अंगाने सुकलेले, कानामागे नेहमी खडूचा तुकडा. जिथे दोष सापडेल तिथे खडूने गोल काढायचे आणि दुरुस्ती झाली की स्वतःच्या बाहीने तो पुसायचे. गेल्या वर्षी ते गेले.

पाइप नुसता आतून भरून घ्यावा, असं मला कारखान्यात एकाने सुचवलं होतं. भांडी घासायच्या तारेचा चोथा कोंबायचा, तपासणी उरकायची, मग काढून टाकायचा. मी ते भीत भीत सगुणमामांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तपासणी एका दिवसाची. गाडी रोज चलता. एका दिवसाचा काम माका जमणा नाय."

दोन दिवस फिरून त्यांनी डिचोलीच्या एका भंगारवाल्याकडून माझ्याच मॉडेलचा सायलेन्सर शोधून आणला. शिफ्ट संपली की मी बसने मुळगाव गाठायची आणि जुने कपडे चढवून गाडीखाली शिरायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी सायलेन्सर बसला. मी धावतच वीस पावलं मागे गेले. त्यांनी गाडी चालू केली, आणि आवाज कमी झाला होता, पण पुरेसा नाही. कुठेतरी काहीतरी फाटल्यासारखं वाजतच होतं. माझं तोंड उतरलं. सगुणमाम मात्र खूश दिसले. "आता गाडी खरा बोलता. फाल्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मी येईपर्यंत सुरूच केली नाही. इंजिन पूर्ण थंड असताना चावी फिरवायला सांगितली आणि रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं इंजिनभर फिरवू लागले. एका जागी हात थांबला. नळी त्यांनी माझ्या कानाला लावली. इंजिनाला पाइप जोडतात तिथून फुसफुस येत होती. खडूचा गोल पडला. आतला एक बोल्ट तुटला होता आणि जोडाभोवती काजळी धरली होती.

"गाडयेत बसल्यार तुझा डोक्या दुखता काय गो?" त्यांनी विचारलं.

 आठ महिने डोकं दुखत होतं आणि मी कारखान्यातल्या वासाला दोष देत होते. धूर गाडीत येत होता.

"मोठ्या आवाजान ह्यो बारको आवाज दडवलेलो," ते म्हणाले.

तुटलेला बोल्ट आतच रुतून बसला होता. त्यांनी त्याच्या टोकावर नट वेल्ड केला, निवू दिला, पाना लावला. नट तेवढा निघून हातात आला. दुसऱ्यांदाही तेच. उद्या तपासणी होती. तिसरा नट वेल्ड करून त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "माझो हात घाई करता. तू फिरय. सावकाश." मी श्वास धरून जोर लावला. करकर झाली आणि बोल्टासकट पाना पाव वळसा फिरला. मला हसू आवरेना. त्या आनंदात मी काजळीचा हात कपाळाला पुसला, आणि सगुणमामही हसले.

पेडण्याला ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. इन्स्पेक्टर बाई होत्या. त्यांनी मागे यंत्र उभं केलं आणि मला इंजिन पळवायला सांगितलं.  सगुणमाम दूर, रस्त्याकडे तोंड करून उभे. बाईंनी आकडा पाहिला, पुन्हा एकदा करायला लावलं, मग वाकून खाली आणि बॉनेटमध्येही बघितलं.

"काम कोणी केलं?"

"मी," सगुणमाम पुढे येत म्हणाले. "पण तुटलेलो बोल्ट हिणा काडलो."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सही केली. तो कागद मी तीनदा वाचला. बाबांना फोन लावला. 'पास' म्हटल्यावर ते म्हणाले, "मगे इकू नको."

सगुणमामांना सोडायला मुळगावला निघाले तेव्हा मी सारखी बोलत होते. अस्नोड्याचा पूल ओलांडल्यावर काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर आलं नाही. बघते तर मान खांद्यावर टाकून ते झोपले होते. घरासमोर मी गाडी उभी केली. मामी हात पुसत बाहेर आल्या आणि खिडकीतून वाकून बघतच राहिल्या.

"निजले?" त्या हळूच म्हणाल्या. "लग्नाक इतकी वर्सा झाली, हेंका कोणाच्या गाडयेत डोळो मिटलेलो मिया बघूक नाय. सगळी वाट इंजिन आयकत ऱ्हवतत."

मी इंजिन बंद केलं नाही. मामींनी चहा खिडकीतूनच दिला.