डोंगरखेडवर ठिपका नाही

ठाण्याचं नाव सांगत नाही, अकोल्याकडचं हाय एवढं समजा. दोन हजार बाराचं साल. मी ललित, तिथं कॉम्प्युटरवर बसणारा शिपाई. आन् इनायतुल्ला हवालदार गोपनीय माहिती काढणारे. कोन्या गावात काय शिजून राहिलं, ते त्याइले चहाच्या टपरीवरच समजे.

त्या साली मोठे साहेब विलायतेतून ट्रेनिंग घेऊन आले. म्हणे, आता पोलीस माहितीवर चालन. गुन्हे जास्त तिथं गस्तीची जीप. भिंतीवर नकाशा लावला, एका गुन्ह्याले एक लाल ठिपका. चांगलंच होतं हो, नावं ठेवाले जागा नव्हती!

हवालदार म्हणाले, "साहेब, जीप डोंगरखेडले पाठवा. विहिरीवरच्या मोटारी चोरणारी टोळी तिथं फिरून राहिली. लोक आता स्वतःच राखण करतात. कोनाचा तरी जीव जाईन."

साहेबांनी नकाशा पाहिला. "डोंगरखेडवर तर एकही ठिपका नाही."

हवालदारांनी कपाटातले एकतीस अर्ज आणून टेबलावर ठेवले. साहेबांनी चार-पाच वाचले. "सगळीकडे 'मोटार गहाळ झाली'. चोरी कुठंय? आणि अक्षर तुमचंच दिसतंय."

त्याइचंच होतं. गुन्ह्यांचा आकडा वाढला की ठाणेदाराले वरून बोलणी बसत. म्हणून वर्षानुवर्षं हेच चाललं. माणूस चोरी सांगाले येई, हवालदार त्याले चहा पाजत, गोडीगुलाबीनं 'गहाळ' लिहून घेत. मीही असा अर्ज कॉम्प्युटरवर कधी गुन्हा म्हणून चढवला नाही, खोटं काहून बोलू?

"मी खोटं लिवलं साहेब. मले काय सजा द्याची ते द्या, पण जीप पाठवा."

"नोंद नाही तिथं गाडी देता येत नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण बोलणार कोन्या तोंडानं?

आठव्या दिवशी डोंगरखेडले विहिरीवर राखण करणाऱ्या डोमाजीचं डोकं चोरट्यांनी पहारीनं फोडलं. गावावरचा पहिला ठिपका मीच लावला. दुपारी जीप निघाली.

मी आन् हवालदार अकोल्याच्या दवाखान्यात गेलो. डोमाजी बेसुद्ध पडला होता. त्याची बायको केशरबाई बाहेर फरशीवर बसली होती. मले वाटलं, आता हवालदार शिव्या खातीन. खाव्याच, मीही खाव्या.

बाईनं उठून हात जोडले. "भाऊ, साऱ्या ठाण्यात आमचं ऐकणारे तुमीच एक होते."

हवालदाराइले तिच्याकडं मान वर करून पाहवलं नाही.